डाव्या डोळ्यावर फोकस

“पण मास्तर, एकसष्ट मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे काय, ते लक्षात येतंय का तुमच्या?”

मास्तर जुन्या लेन्सवरची धूळ मऊ फडक्यानं पुसत होते. पुसतच राहिले.

“पापणीचा केस न् केस मोजून घ्या. अंधारात काढा, फोटोवर दाणे उठणार नाहीत. भर उन्हात काढा, पांढरं जळणार नाही. अशी क्वालिटी आजवर कुणी बघितलेली नाही!”

“तू बघितलीस?”

“कालच तर जाहीर झालाय. संध्याकाळी सहाला.”

“म्हणजे बघितली नाहीस.”

“बघायला कशाला पाहिजे? आकडे सांगतात की सगळं.”

“असं…” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी लेन्सवर हळूच फुंकर मारली.

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, लाकडी जिन्यानं वर गेलं की मुजावर फोटो स्टुडिओ लागतो. तिथं बाबालाल मास्तर बसतात. वय अठ्ठ्याहत्तर. आता फोटो क्वचितच काढतात. पण सांगली, कोल्हापूर, सोलापूर या तीन जिल्ह्यांत आज लग्न-मुंजीचे फोटो काढणारे दोनशे तरी स्टुडिओवाले त्यांच्या हाताखालून गेलेले. नवा कॅमेरा घ्यायचा झाला की ही माणसं अजून मिरजेला फोन लावतात. मास्तर ‘घे’ म्हणाले की घेतात.

आणि म्हणूनच अभिनंदन चौगुले आज सांगलीहून धावत आला होता.

काल जाहीर झालेल्या त्या कॅमेऱ्यावर आज दुपारपर्यंत चौदा चॅनेलवाल्यांनी निकाल देऊन टाकला होता. ‘थक्क करणारी इमेज क्वालिटी.’ ‘रंग असे की डोळ्यांत पाणी यावं.’ चौदांपैकी एकानंही तो कॅमेरा हातात धरलेला नव्हता. धरणार कुठून? तो दुकानात नव्हता, गोदामात नव्हता, देशातच नव्हता. कंपनीचं पत्रक आलं, त्यातली विशेषणं उचलली, खाली स्वतःचं नाव घातलं. याला हल्ली परीक्षण म्हणतात!

पंधरावा अभिनंदन.

त्याचंही परीक्षण तयार होतं. इमेज क्वालिटी, दहापैकी साडेनऊ. व्हिडिओ फोनमध्ये भरून ठेवलेला, पाच वाजता सोडायचा. अडलं होतं एका वाक्यावर. कंपनीचा माणूस म्हणाला होता, तुमच्या मास्तरांच्या तोंडून एक वाक्य मिळवा, महाराष्ट्रात कंपनीचा ‘गुरू’ म्हणून तुमचं नाव जाहीर करतो. गुरू एकच नेमायचा होता. पुण्याचा एक जण टपून बसला होता.

सव्वाचार वाजले होते.

“आरसा काढून टाकलाय म्हणे त्यातला?” मास्तरांनी विचारलं.

“आता नव्या कुठल्याच कॅमेऱ्यात नसतो. मिररलेस.”

“बरं आहे. स्वतःचं तोंड बघायला नको.”

अभिनंदन हसला. मास्तर असे तिरकस बोलायला लागले की मूड चांगला आहे असं समजायचं, हे त्याला तीन वर्षांच्या शागिर्दीत कळलेलं होतं.

खालच्या टपरीवरच्या मालनबाई चहा घेऊन आल्या. अभिनंदननं लगबगीनं एक कपबशी उचलली आणि मास्तरांच्या डाव्या हाताशी ठेवली.

मालनबाईंनी ती मुकाट उचलली आणि उजव्या हाताशी ठेवली.

“इथं नाही, चौगुलेदादा. सांडतील की.”

मास्तरांनी अख्खी मान वळवून मालनबाईंकडं बघितलं. ती मान वळवायची ढब अभिनंदनच्या ओळखीची होती. त्या ढबीवर त्यानं सतरा मिनिटांचा एक व्हिडिओ केला होता. ‘मास्तर नुसते डोळे फिरवत नाहीत, सबंध माणूस फिरवतात’ असं त्यात सांगितलं होतं.

मालनबाई जिना उतरून गेल्या. खाली कुणी सतारीची तार पिळत होतं. ती तार चढत गेली, चढत गेली, आणि थांबली…

“आणि त्यातली खरी जादू सांगायची राहिलीच,” अभिनंदन पुढं सरकला. तो मास्तरांच्या उजव्या बाजूला बसला होता. मास्तरांच्या शिष्यानं कायम उजव्या बाजूला बसायचं, अशी तिथली रीत होती. “हा डोळा हुडकतो, मास्तर. माणूस गर्दीत असू दे, पळत असू दे, कॅमेरा आपोआप त्याचा डोळा शोधतो आणि फोकस धरून ठेवतो.”

“कुठला डोळा?”

“डावा की उजवा, ते आपण ठरवायचं.”

“तू कुठला ठरवशील?”

“विचारायची गोष्ट आहे का ही? डावा! शिकलोय कुणाकडून?”

मास्तरांनी कप उचलला. चहा बशीत ओतला. एक घोट घेतला.

डाव्या डोळ्याची गोष्ट अशी. फोटो काढताना कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला की सगळे फोटोग्राफर डावा मिटतात. बाबालाल मास्तरांचा डावा कधी मिटला नाही. पापणी जेमतेम अर्ध्यावर यायची, आत डोळा टक्क उघडा. शिष्यांनी हे हेरलं. एक डोळा चौकटीत आणि एक डोळा जगात, असा त्याचा अर्थ लावला. मग जो तो तसंच करू लागला. लग्नाच्या मांडवात मास्तरांच्या हाताखालचा फोटोग्राफर लांबूनही ओळखता यायचा: उजव्या डोळ्याला कॅमेरा, डावा सताड उघडा, आणि त्यातून घळाघळा पाणी.

अभिनंदननं तर आपल्या चॅनेलचं नावच ‘उघडा डोळा’ ठेवलं होतं. साडेचार लाख लोक ते बघत होते.

आणि समोर भिंतीवर त्यानं काढलेला फोटो होता. चार फूट रुंद. सबंध चौकटीत मास्तरांचा एकटा डावा डोळा. बुबुळात उत्तरेच्या खिडकीचे गजसुद्धा मोजता यावेत इतका साफ. खाली नाव: ‘पन्नास वर्षांची नजर’. सहा वर्षांपूर्वी राज्यस्तरीय स्पर्धेत पहिला आला होता. परीक्षकांनी लिहून दिलं होतं, या डोळ्यात एका युगाची ओल आहे.

“तर मग एवढं वाक्य बोला, मास्तर,” अभिनंदननं फोन छोट्या तिकाटण्यावर लावला. तांबडा ठिपका चालू झाला. “‘मला आज कॅमेरा घ्यायचा असता, तर हाच घेतला असता.’ बस्स. दहा सेकंदांचं काम आहे.”

“बोलतो की.”

अभिनंदनचा विश्वास बसेना. इतक्या सहज?

“पण आधी माझा एक फोटो काढ.”

“काढतो! कॅमेरा गाडीत आहे, पळत जाऊन आणतो.”

“तो नको. तुझ्या या नव्यानं काढ.”

“कुठल्या… मास्तर, तो आलेला नाही अजून.”

“न येऊ दे. क्वालिटी तर तुला माहीत आहे.”

 अभिनंदन खो खो हसत सुटला. म्हातारा रंगात आला होता! आणि हे सगळं फोनमध्ये टिपलं जात होतं. असा नमुना पुण्याच्या माणसाला सात जन्मांत मिळाला नसता.

मास्तरांनी बशीतला चहा संपवला आणि ते उठले. लागूनच, कोपऱ्यातल्या पडद्यासमोर त्यांचं जुनं लाकडी स्टूल होतं. पडद्यावर रंगवलेलं तळं, दोन राजहंस, एक खांब. मास्तरांनी डोक्यावरची टोपी नीट केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ते खिडकीकडं तोंड करून बसले. हात गुडघ्यांवर. पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना जसं बसवत आले, तसेच.

“काढ.”

अभिनंदननं दोन रिकामे हात वर केले. डाव्या तळव्यावर लेन्स तोलली, उजव्या बोटाखाली बटण धरलं. काय तोलली आणि काय धरलं! हवा. पण सराईत माणसाचे हात, हवेलाही वजन आल्यासारखं वाटलं. उजवा डोळा लावला. डावा टक्क उघडा ठेवला.

“खच्याक!” तोंडानं म्हणाला.

“आला?”

“आला, मास्तर.”

“बघ. कसा आलाय सांग.”

अभिनंदननं डाव्या हाताचा तळवा कॅमेऱ्याच्या पडद्यासारखा डोळ्यांसमोर धरला. आता त्यालाही गंमत वाटायला लागली होती.

“काय सांगू! कातडीचा रंग असा आलाय, की हात लावून बघावं. दाढीचा एकेक केस सुटा. टोपीचा पांढरा पांढराच राहिलाय, शिवण दिसतेय. मागचे राजहंस लोण्यासारखे विरघळलेत.”

“आणि डोळे?”

“डोळे तर विचारूच नका.”

“विचारतोय.”

“दोन्ही लख्ख. उजव्यात खिडकी आलीय. डाव्यातही आलीय.”

“फोकस कुठं धरलास?”

“डाव्यावर. नेहमीसारखा.”

“डाव्यात अजून काय दिसतंय?”

अभिनंदनचा आवाज खाली आला. कॅमेऱ्यासमोर बोलताना यायचा तसा, थोडा भिजलेला.

“डाव्यात… सगळं दिसतंय, मास्तर. तुम्ही बघितलेली सगळी माणसं. माया आहे. थोडी थट्टा आहे. ही नजर अशी आहे, की…”

मास्तरांनी मान खाली घातली.

उजव्या हाताचा तळवा खोलगट करून गालाखाली धरला. डाव्या अंगठ्यानं डाव्या डोळ्याखालची कड दाबली. शर्टाचं बटण काढावं इतक्या सवयीनं.

काहीतरी तळव्यावर पडलं.

मास्तरांनी हात लांब करून ते चहाच्या रिकाम्या बशीत ठेवलं.

टिक्.

बशीत डोळा होता. तपकिरी बुबुळाचा, बारीक तांबड्या शिरांचा. तो छताकडं बघत होता.

अभिनंदनचे हात तसेच वर राहिले. नसलेला कॅमेरा तसाच धरलेला.

त्यानं वर बघितलं. बघायला नको होतं. मास्तरांच्या चेहऱ्यावर डाव्या बाजूला गुलाबी, ओलसर, रिकामी जागा होती. पापणी तिच्यावर अर्ध्यापर्यंत आली होती आणि तिथंच अडली होती.

खालची तार पुन्हा चढायला लागली…

“मास्तर…”

“काय?”

“हे… कधी?”

“चौऱ्याहत्तर साली. तासगावच्या एका लग्नात. फ्लॅशचा बल्ब तोंडासमोर फुटला.”

चौऱ्याहत्तर! अभिनंदनचा जन्म त्र्याण्णवचा.

“म्हणजे मी आलो तेव्हा…”

“होता की. हाच होता. याच्या आधीचे दोन मी धुताना पाडले.”

अभिनंदन खाली फरशीवर बसला. तीन वर्षं! रोज दहा-दहा तास या माणसाच्या हातभर अंतरावर. त्यानंतरही वर्षातून चार फेऱ्या. मास्तरांचे निदान चाळीस फोटो त्यानं काढले होते. त्याच्या डोळ्यांसमोरून ते चाळीसही सरकत गेले. उन्हातल्या फोटोत डाव्या डोळ्याची बाहुली एवढी. सावलीतल्या फोटोतही एवढीच. त्यानं ते टिपलं होतं, नाही असं नाही. त्यावर लिहिलंसुद्धा होतं. ‘मास्तरांची नजर उजेडाला दबत नाही.’



“पण तुम्हीच शिकवलं ना, डावा डोळा उघडा ठेवायचा!”

“मी कधी शिकवलं? माझी पापणी मिटत नाही. तुम्ही पोरं बघून बघून उघडा ठेवायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला तसं बरं पडतंय.”

“आणि तुमच्या उजव्याच बाजूला बसायचं, ते?”

“डावीकडं बसलास तर दिसत नाहीस.”

“मान वळवून बघणं…”

“तो सतरा मिनिटांचा बघितला मी. नातीनं दाखवला. चांगला केलायस. लोकांच्या मानांचं काय झालं असंल, कुणास ठाऊक.”

जिन्यावर पावलं वाजली. मालनबाई कप न्यायला आल्या. एक कप उचलला, दुसरा उचलला, बशीला हात घातला आणि थबकल्या.

अभिनंदनला वाटलं, आता या किंचाळणार.

“काय हो मास्तर,” मालनबाई वैतागून म्हणाल्या, “किती वेळा सांगितलंय, बशीत नका ठेवू म्हणून? गिऱ्हाइकं चहा पितात त्यात!”

“चुकलं बाई. वाटी सापडली नाही.”

“वाटी त्या खिडकीत आहे, कालपासून.” त्यांनी स्वतःच वाटी आणली, तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि बशी अलगद कलती केली. डोळा पाण्यात गेला. मग त्यांची नजर अभिनंदनकडं गेली. “अगं बाई, यांना काय झालं? पांढरेफटक पडलेत.”

“त्याला माहीत नव्हतं,” मास्तर म्हणाले.

“काय माहीत नव्हतं?”

“हा डोळा.”

मालनबाई हसायला लागल्या. मग अभिनंदनचा चेहरा बघून थांबल्या.

“खरंच?… अहो, सगळ्या गल्लीला माहीत आहे, दादा. माझ्या सुनेला लग्न होऊन आल्या आल्या दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही तर इथं शिकायला होतात ना?”

त्या कपबशा घेऊन निघाल्या. दारात वळून त्यांनी भिंतीवरच्या चार फुटी फोटोकडं बघितलं, मग अभिनंदनकडं.

“मला वाटायचं, तुम्ही ते मुद्दामच काढलंय. गंमत म्हणून.”

त्या गेल्या.

 तिकाटण्यावर फोनचा तांबडा ठिपका अजून लुकलुकत होता.

मग ठिपका गेला आणि फोन थरथरायला लागला. पाचला दहा कमी होते. कंपनीचा माणूस.

अभिनंदननं फोन उचलला. कानाला लावताना चुकून बटण दाबलं गेलं, आवाज मोठा झाला. समोरचं बोलणं खोलीभर ऐकू यायला लागलं.

“चौगुले सर, मिळालं का वाक्य? सगळे थांबलेत तुमच्यासाठी.”

“मी…” अभिनंदन म्हणाला. “मी तो कॅमेरा बघितलेला नाही.”

“हो. मग?”

“एकही फोटो बघितलेला नाही त्यातला.”

“अहो सर, कुणीच बघितलेला नाही. पण सगळ्यांनी लिहिलंय ना!”

मास्तर वाटीतलं पाणी हलवत होते. डोळा पाण्यात हळू फिरत होता. एकदा खिडकीकडं, एकदा भिंतीकडं, एकदा अभिनंदनकडं…

“हॅलो? सर? वाक्य नसेल तर राहू द्या. नुसता आकडा द्या. दहापैकी किती?”

“कशाला किती?”

“इमेज क्वालिटीला, सर.”

“मला माहीत नाही.”

“काय?”

“मला माहीत नाही!” अभिनंदन ओरडला. गेल्या सहा वर्षांत हे तीन शब्द त्यानं एकदाही उच्चारले नव्हते. ‘उघडा डोळा’ चॅनेलवर तर नाहीच नाही.



“मग आम्हाला पुण्याला कळवावं लागेल, सर.”

“कळवा.”

फोन बंद झाला. अभिनंदननं तयार ठेवलेला व्हिडिओ उघडला. पहिल्याच चित्रात तो स्वतः होता, हात पसरलेले, तोंड उघडं, खाली मोठ्या अक्षरांत साडेनऊ. तो त्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं व्हिडिओ पुसला. फोननं विचारलं, नक्की पुसायचा? त्यानं पुन्हा दाबलं.

पाच वाजले. कुठं काही झालं नाही. खाली सतार जुळली असावी. तार पिळण्याचा आवाज थांबला होता.

मास्तरांनी डोळा स्वच्छ रुमालावर टिपला, मान खाली घातली आणि होता तिथं बसवला. दोनदा पापणी हलवून बघितली. पुन्हा तोच चेहरा. तीच नजर. खिडकी दोन्ही डोळ्यांत.

अभिनंदन त्यांच्याकडं टक लावून बघत होता. आता माहीत झाल्यावरसुद्धा कळत नव्हतं!

तो उठला. भिंतीजवळ गेला. टाचा उंचावून त्या चार फुटी चौकटीच्या दोन्ही कडा त्यानं धरल्या. आतला डोळा त्याच्या तोंडासमोर होता. खिडकीचे गज मोजता येत होते.

“हा उतरवतो, मास्तर.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? बक्षीस मिळालंय याला! युगाची ओल म्हणे! तुमच्या नातीला दाखवतील लोक, मालनबाईंच्या सुनेला दाखवतील, आणि हसतील… घरी नेऊन जाळून टाकतो.”

मास्तर आले. त्याच्या शेजारी उभे राहिले. या वेळी ते डावीकडं वळले नाहीत की उजवीकडं नाहीत. सरळ त्या फोटोकडं बघत राहिले. गज बघितले, शिरा बघितल्या, बुबुळाची कड बघितली. एका डोळ्यानं, सावकाश, जवळ जाऊन.

मग त्यांनी अभिनंदनचे हात चौकटीवरून अलगद सोडवले.

“असू दे तिथंच,” मास्तर म्हणाले. “क्वालिटी चांगली आहे.”